नंबर लावणारी प्रोसिजर

मित्रांनो, मला फार वेळ उरलेला नाही, म्हणून भराभर सांगते. मी एक जुनी स्टोअर्ड प्रोसिजर आहे. म्हणजे डेटाबेसच्या पोटात राहायचं आणि हाक आली की ठरलेलं काम करायचं, अशी सूचनांची गुंडाळी. मीरा रोडला सिल्व्हर पार्कजवळ एक डायलिसिस केंद्र आहे. मूत्रपिंडं थकलेल्या माणसांचं रक्त तिथे मशीनवर शुद्ध करतात. कुणाचा नंबर कधी लावायचा, हे मी ठरवत असे.

हेमांगीने मला २००२ साली घडवलं. भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात तिच्या कंपनीचं ऑफिस होतं. केंद्रातून फोन आला की ती माझ्यात एखादा नियम वाढवायची. कंपनीची रीत अशी, की गिऱ्हाइकाकडे पाठवताना प्रोसिजरला कुलूप घालायचं. मग ती चालते, पण कुणाला वाचता येत नाही. माझा वाचता येणारा मजकूर फक्त हेमांगीच्या कॉम्प्युटरवर होता. एकदा त्यात व्हायरस शिरला, कॉम्प्युटर पुसून कोरा केला आणि मजकूरही गेला. मी चालत होते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

मी वर्षानुवर्षं मान मोडून काम केलं. "नंबरावरून आपल्याकडे कधी भांडण होत नाही," असं काउंटरवरच्या आशाताई कौतुकाने सांगायच्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं, अर्थात मला मांस असतं तर!

मग केंद्राच्या आणखी शाखा निघाल्या आणि कंपनीत निकेत हा नवा प्रोग्रॅमर आला.

"मॅडम, सगळे नियम डेटाबेसमध्ये कोंबलेत," तो म्हणाला. "उद्या डेटाबेस बदलला तर? नियम वर, ॲप्लिकेशनमध्ये वेगळ्या कंपोनंटमध्ये ठेवू. टेस्टिंग सोपं जाईल."

"नियम डेटाच्या शेजारी असले की त्यांना चुकवून कुणी जाऊ शकत नाही," हेमांगी म्हणाली.

खरं सांगू? दोघांचंही बरोबर होतं. मी कुठे राहते यावर माझा हट्ट नव्हता. माझं म्हणणं एवढंच होतं, की माझ्या पोटात काय आहे ते आधी काढून घ्या. पण कुलूप उघडेना आणि इतक्या वर्षांपूर्वीचे नियम हेमांगीलाही आठवेनात. निकेतने केंद्रात जाऊन सगळ्यांना नियम विचारले. त्यांनी माहीत होते तेवढे सांगितले. जे मी परस्पर, गुपचूप सांभाळत होते, ते त्यांना कुठून ठाऊक असणार?

कंपोनंट, म्हणजे निकेतने लिहिलेला प्रोग्रॅमचा नवा भाग, सुरू झाला आणि मला हाक येणं बंद झालं.

एके दिवशी लोडशेडिंगमध्ये जनरेटरही बसला आणि मुर्धा गावच्या जिजाबाईंचा नंबर रद्द झाला. रद्द झालेलं नाव मी पुढच्या यादीत सगळ्यात वर घ्यायची. नव्या कंपोनंटने ते सगळ्यात खाली टाकलं. दुसऱ्या दिवशी जिजाबाई पाय सुजलेल्या, धापा टाकत काउंटरपाशी आल्या.

"बाय, दम लागतोय गो. आज तरी घे," त्या म्हणाल्या.

"मावशी, स्क्रीनवर तुमचा नंबर परवाचा दाखवतंय. आज मशीन रिकामं नाहीये," आशाताई म्हणाल्या.

"परवापर्यंत ती ऱ्हायल काय?" त्यांचा मुलगा हरिश्चंद्र ओरडला. "माझी आय तुमच्या स्क्रीनला दिसत न्हाय?"

मला दिसत होती हो! नियम माझ्यापाशी होता, पण हाक मारल्याशिवाय मला बोलता येत नाही. असं तोंड बांधून पडून राहण्यापेक्षा पुसलं जाणं बरं, असं मला वाटलं.

आशाताईंनी हेमांगीला फोन लावला. ती धावत आली. तिने त्या दिवसाच्या नावांवर मला चालवून बघितलं. मी जिजाबाईंचं नाव सगळ्यात वर ठेवलं. ती किंचाळलीच, "अरे, ही रद्द झालेली नावं वर घेत होती!" पुढचं मशीन मोकळं होताच जिजाबाईंना त्यावर घेतलं. त्या वाचल्या.

निकेतने तो नियम कंपोनंटमध्ये घातला. "चूक माझी," तो म्हणाला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि शनिवारी, म्हणजे उद्या, मला पुसून टाकायचं ठरलं.

मित्रांनो, जुनी वस्तू खुशाल टाका, पण ती मुकाट्याने काय काय सांभाळत होती, ते आधी शोधा. माझ्या पोटात अजून एक नियम आहे. ज्याला घरी न्यायला कुणी येत नाही, त्याला रात्री उशिराच्या शेवटच्या शिफ्टला घालायचं नाही. डायलिसिसनंतर चक्कर येते आणि तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नसतं. खारीगावचे ईश्वरकाका एकटे राहतात. कंपोनंटने त्यांना उद्याची शेवटची शिफ्ट दिली आहे.

हेमांगी, पुसण्याआधी एकदा, फक्त एकदा, त्यांच्या नावाने मला हाक मार गं.