पंप दिसला पाहिजे

आमची ताई उंचीनं जरा आखूड आहे. दुकानात वरच्या फळीवरचा डबा हवा असला की ती आधी आजूबाजूला उंच माणूस शोधते आणि त्याला असं काम सांगते, जणू त्याच्यावर उपकारच करतेय. तिची सायकलही तिच्या मापाची. लहान फ्रेमची, लाल. चार सायकलींत उभी केली की त्यांचं पिल्लू वाटते. मी तसं एकदा बोलून गेलो आणि पाठीत धपाटा खाल्ला. या वयात.

रविवारी आमची एक टोळी सायकली घेऊन बाहेर पडते. त्यात एक चष्मेवाला आहे, शाळेतल्या बाई आहेत, चढ लागला की एकमेकांशी बोलणं बंद करणारे एक सासरे-जावई आहेत. आणि कॅप्टन आहे. कॅप्टन कुठल्या जहाजावर नव्हता की फौजेत नव्हता. जन्मभर विम्याच्या ऑफिसात बसला, निवृत्त झाला आणि शिट्टी विकत घेतली.

निघण्याआधी त्याची तपासणी असते. आम्ही सायकली ओळीत लावायच्या आणि हा हात मागे बांधून फिरणार. "ब्रेक. घंटी. बाटली. पंप." पंप ज्याचा त्याच्याकडे, आणि तोही सायकलवरच, अंगावर नाही. कारण एकदा चष्मेवाला पाठीच्या खिशात पंप घालून उताणा पडला होता. पुढं बरेच दिवस तो आपल्या चष्म्याच्या दुकानात उभ्यानंच लोकांचे डोळे तपासत होता. ज्याच्या सायकलवर पंप नाही, त्यानं टेम्पोत बसायचं. टेम्पो मागून येतो. त्यात पाण्याचे कॅन असतात आणि सगळ्यांसाठी केळी.

गेल्या वर्षी तळ्यापर्यंतच्या मोठ्या फेरीला ताई अशीच टेम्पोत बसली. तळ्यावर सगळ्यांचा फोटो काढला, त्यात बाकीचे सायकली धरून उभे आणि ही केळ्यांचा घड धरून. फोटोखाली कुणीतरी लिहिलं, 'केळीवाली'. ताई हसली. पण घरी गेल्यावर भाऊजींना म्हणाली, "पुढच्या वर्षी मी पायडल मारत जाईन, नाहीतर जाणारच नाही." आणि आमची ताई 'जाणार नाही' म्हणाली की विषय संपतो.

अडचण एकच होती, पंप लावायचा कुठं. मोठ्या सायकलीच्या दांड्यांमध्ये पंप काय, वीणा बसेल. ताईच्या सायकलीत बाटली बसली की जागा संपली. बाटलीच्या शेजारी लावला तर गुडघ्याला लागायचा. वरच्या दांडीखाली लावला तर बाटली निघेना. सीटखाली पिशवी बांधली तर सीट इतकी खाली की पिशवी चाकावर घासायला लागली. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली तोवर पिशवीला भोक.

आता माझ्या सायकलवरच्या पंपाचं सांगतो. तो पंप नव्हता. आमच्या घरचं लाटणं होतं. माझा खरा पंप बिघडला, तेव्हा सहज गंमत म्हणून मी लाटण्याला काळी चिकटपट्टी गुंडाळली, दोन्ही टोकांना रबरी बुचं लावली आणि पंपाच्या जागी अडकवलं. म्हटलं, बघू कॅप्टनला कधी कळतं. पहिल्या रविवारी तो त्यावरून नजर फिरवून म्हणाला, "शाबास." मग मी ते काढतो कशाला. कित्येक महिने लाटणं तपासणीत पास होत होतं. घरी बायको ते शोधून शोधून दमली आणि शेवटी नवं घेऊन आली. माझा बेत मोठा होता. या वर्षी तळ्यावर, फोटोच्या वेळी, कॅप्टनच्या शेजारी उभं राहून पट्टी सोडायची. त्या क्षणासाठी मी जगत होतो म्हणालात तरी चालेल.

फेरीच्या आधीच्या आठवड्यात ताई माझ्या दुकानात येऊन बसली. मी पडदे बसवतो. दुकानात नळ्याच नळ्या. ताई तोंड पाडून एक बारीक नळी जाड नळीत घालत होती, काढत होती.

"मोडशील ते," मी म्हटलं.

"गप रे."

पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग एकदम थांबली. "सीट ज्या दांडीवर बसते ना, ती आतून पोकळ असते का रे?"

"असते. का?"

ती उत्तर द्यायला थांबलीच नाही. बाहेर जाऊन सायकलचा खटका सैल केला आणि सीट दांडीसकट उपटून आत आली. खालून बघितलं तर आरपार नळी. तिचा छोटा पंप आत अस्सा गेला, जसा काही तिथंच राहायला होता. खुळखुळ वाजायला लागला म्हणून त्याला भाऊजींचा निळा मोजा घातला. खाली सरकू नये म्हणून बूच मारलं. सीट परत त्याच उंचीला यावी म्हणून दांडीवर नेलपेंटची खूण केली. मग दुकानात मागं-पुढं अशी चालली, की लग्नात करवलीही चालणार नाही.

"भाऊजींना मोज्याचं सांगितलंस का?"

"शोधू दे. तेवढाच व्यायाम."

फेरीच्या सकाळी सगळे ओळीत उभे राहिले. कॅप्टन माझ्यापाशी आला, लाटण्याकडे बघून मान हलवली, पुढं सरकला. ताईपाशी थांबला.

"पंप?"

"आहे."

"कुठं आहे?"

"सायकलवर."

त्यानं सायकल पुढून बघितली, मागून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "यात तुझा हात आहे."

"नाही हो. शपथ."

"तुझी शपथ मला नको सांगू. माझ्या हेल्मेटात कांदा ठेवून हीच शपथ घेतली होतीस."

ते खरं होतं.

"सीटच्या दांडीत आहे," ताई म्हणाली. "काढून दाखवते."

"ताई, नियम साधा आहे. पंप दिसला पाहिजे. रस्त्यात पंक्चर झाल्यावर तुम्ही सीट उपटत बसणार का?"

"पंक्चर झाल्यावर सीटवर बसून करायचंय काय?"

शाळेतल्या बाई फस्सकन हसल्या. तिथंच चुकलं. चारचौघांत हसं झालं की कॅप्टन आणखी ताठ होतो. "एकाला सूट दिली की सगळे मागतात. टेम्पो मागं उभा आहे."

ताई हातमोजे काढायला लागली. आधी डावा काढला, नीट घडी घातली. भांडली असती तर मी मजा बघत राहिलो असतो. पण ती घडी मला बघवेना.

माझं लाटणं समोर होतं. तळं अजून लांब होतं. गेला माझा फोटो, म्हटलं.

"कॅप्टन, माझा पंप दिसतोय?"

"दिसतोय. तुझी तेवढी एकच गोष्ट शिस्तीत असते."

मी तो काढून त्याच्या हातात ठेवला. "माझ्या चाकात जरा हवा भरा."

त्यानं दांडा ओढला. ओढला, पिळला, उलटा केला. चिकटपट्टीचं टोक सुटलं आणि आतून लाकूड दिसायला लागलं, थोडं पीठही.

टेम्पोवाला सहसा बोलत नाही. तो पुढं वाकून म्हणाला, "लाटणं आहे."

कॅप्टनच्या तोंडातली शिट्टी गळून दोरीला लटकली. "कधीपासून?"

"तुम्ही पहिल्यांदा शाबास म्हणालात तेव्हापासून."

एक मात्र म्हणेन, माणूस हट्टी असला तरी लबाड नाही. लाटणं माझ्या हातात परत देत तो म्हणाला, "सगळ्यांनी पंप काढा. हवा भरून दाखवायची. एकेकानं."

मग जी मजा झाली ती मी ठरवूनही घडवू शकलो नसतो. चष्मेवाल्याच्या पंपातलं रबर वाळून गेलेलं, त्यानं नुसता उसासा टाकला. बाईंच्या पंपाचं तोंड त्यांच्याच चाकाला बसेना. सासऱ्यांकडे पंप होता, त्याची नळी जावयाकडे होती आणि जावयानं ती घरी ठेवली होती. बाकीच्यांचीही हीच गत. शेवटी कॅप्टननं आपला चकचकीत चंदेरी पंप काढला. पुसून पुसून आरसा केलेला. ओढला तर हलेना. जोर लावला तर मूठ निघून हातात आली.

"मग नियमाप्रमाणे टेम्पोत कोण कोण?" बाईंनी अगदी वर्गात विचारावं तसं विचारलं.

टेम्पोवाल्यानं मोजून बघितलं. "मावणार नाहीत. केळी उतरवली तरी नाहीत."

तोवर ताईनं खटका सैल केला होता. सीट निघाली, बूच निघालं, निळा मोजा बाहेर आला. चष्मेवाला म्हणाला, "हा मोजा भाऊजी माझ्या दुकानात विचारत होते." ताईनं तिकडं लक्ष दिलं नाही. कॅप्टनच्या पुढच्या चाकातली थोडी हवा सोडली आणि त्याच्यादेखत पुन्हा भरली, चाक दगडासारखं होईपर्यंत. मग पंप आत, सीट नेलपेंटच्या खुणेवर, खटका बंद.

"टोळीत पंप एकच आहे," ती म्हणाली. "तो सगळ्यांचा धरायचा का?"

"धरावाच लागेल," कॅप्टन म्हणाला.

"मग पंपाच्या पुढं कुणी जायचं नाही."

"अहो ताई, पंप खरं तर मागं हवा."

"पंप पुढं राहील. पंक्चर झालं तर शिट्टी मारा. मी थांबेन."

कॅप्टननं शिट्टी उचलून तोंडात धरली.

"आणि लाटणंवाल्यांचं काय?" जावयानं विचारलं. त्याला सासऱ्यांशिवाय कुणालातरी टोचायची संधी मिळाली होती.

"त्याच्यासाठी टेम्पो आहेच की," ताई म्हणाली. माझ्याकडे बघून तिनं एक डोळा बारीक केला. लहानपणी हिनंच मला सायकल शिकवली होती. 'धरलीय, धरलीय' म्हणत मागून पळायची, आणि कधीच सोडून दिलेली असायची. घरात खोड्या आधी कुणी सुरू केल्या, याची कुणी चौकशीच केली नाही.

तर मी टेम्पोत, मांडीवर केळी. समोरच्या काचेतून सगळं दिसत होतं. सगळ्यात पुढं लाल सायकल, टुकूटुकू पायडल मारत, आणि तिच्यामागं ते सगळे मोठ्या फ्रेमवाले ब्रेक दाबत दाबत. चढावर सासरे-जावईसुद्धा बोलत होते, इतकी सावकाश फेरी होती. कॅप्टन एकदा चुकून जरा पुढं सरकला. ताईनं मान वळवून बघितलं, आणि तो परत मागं गेला.

"आज संध्याकाळ होणार," टेम्पोवाला म्हणाला.

"होऊ दे. केळं घे."

तळ्यावर फोटो निघाला. मधोमध ताई, सायकल धरून. एका टोकाला मी, घड धरून. ऐन वेळी कॅप्टन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "ते आण इकडं." दुसऱ्या टोकाला तो उभा आहे, छाती काढून, लाटणं बंदुकीसारखं खांद्याला लावून. फोटोखाली ताईनंच लिहिलं, 'केळीवालीचा भाऊ'.

घरी बायकोनं फोटो बघितला. आधी हसली. मग दोन बोटांनी मोठा केला. आणखी मोठा केला.

"कॅप्टनच्या खांद्यावर काय आहे हो?"

"पंप आहे," मी म्हटलं.