जाड तळाचे बूट

आमच्या ह्यांनी विमानात बसायला म्हणून नवे बूट घेतले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. घोट्याच्या वर जाणारे, दोन बोटं जाड तळाचे, पुढून बेडकाच्या तोंडासारखे रुंद. एक जोड स्वतःला आणि तसाच एक बारकीला. बारकी म्हणजे आमची धाकटी. तिला छोटं विमान चालवायचा परवाना नुकताच मिळाला होता आणि पहिले प्रवासी म्हणून तिने आम्हा दोघांना बोलावलं होतं.

धावपट्टीजवळच्या शेडमध्येच ठिणगी पडली. बारकीच्या पायात तिचे जुने कापडी बूट होते, तळ पार झिजलेले.

"विमान चालवायला निघालीस की भाजी आणायला?" हे म्हणाले. "मी आणलेले घाल."

"बाबा, त्यात पायाखालचं पेडल कळत नाही. आणि तुम्ही पण तुमचे इथेच काढा. तुमच्यापुढे पण पेडलं आहेत, माझ्या पेडलांना जोडलेली. तुम्ही दाबलंत की माझ्याकडचं पण हलतं."

"मी जन्मभर बस चालवली. पेडल म्हणजे काय ते मला नको शिकवू."

बस चालवली हे खरं, पण अनवाणी. चपला सीटमागे सरकवल्याशिवाय ह्यांनी कधी इंजिन चालू केलं नाही. शिकाऊ ड्रायव्हर आला की आधी त्याचे बूट उतरवायचे आणि म्हणायचे, "गाडी पायाला कळली पाहिजे." मी नेमकी तीच आठवण करून दिली.

"ती बस होती," हे माझ्यावरच उखडले. "आज पोरगी विमान उडवतेय. चार लोक बघतायत. मी काय फाटक्या चपला घालून मिरवू?"

कौतुकाच्या पोटी आलेला हट्ट होता तो, मोडवेना. शेवटी बारकीनेच माघार घेतली. बूट राहू देत, पण पाय मागे, सीटखाली. ह्यांनी मान डोलावली.

वर सगळं छान झालं. मी बारकीच्या मागे बसले होते, हे तिच्या उजवीकडे. शेतं, तळं, खेळण्यातली घरं बघून हे खूश होते. परतताना मात्र उजवीकडून वारा सुटला. विमान नाक उजवीकडे वळवून तिरकं तिरकं उतरू लागलं. कानावरच्या फोनमधून बारकी म्हणाली, "घाबरू नका, वाऱ्यात असंच यावं लागतं. चाकं टेकायच्या आधी मी डावं पेडल दाबून सरळ करीन."

मी घाबरले नाही. घाबरले ते हे. समोर धावपट्टी वाकडी आणि जमीन अंगावर येतेय, असं दिसल्यावर ड्रायव्हरचा उजवा पाय जागेवर राहतो होय? सीटखालून तो बूट पुढे सरकताना मी पाहिला. बस थांबवायला दाबतात तसा तो उजव्या पेडलवर पडला.

विमानाचं नाक आणखी उजवीकडे गेलं.

"बाबा, पाय काढा!"

"माझे पाय खालीच आहेत!"

ह्यांना खोटं बोलता येत नाही. त्या जाड तळातून ह्यांना खरंच काही कळत नव्हतं. टाच जमिनीवर होती, पुढचा सगळा भार पेडलवर. बारकी सगळा जोर लावून डावं पेडल दाबत होती आणि पेडल हलत नव्हतं. खिडकीतून धावपट्टीऐवजी गवत दिसायला लागलं. संपलं, असंच मला वाटलं.

इंजिन गरजलं. बारकीने पूर्ण जोर देऊन विमान पुन्हा वर उचललं.

"अहो, पेडलवर आहे पाय तुमचा! बघा तरी!" मी ओरडले.

ह्यांनी खाली बघितलं. पाय झटकन मागे आला.

"बूट काढा, बाबा," बारकी शांतपणे म्हणाली. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. "सीट मागे घ्या आणि काढा. इंधन भरपूर आहे, मी फेरी मारते."

सीट मागे आली ती माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटला टेकली. पोट आडवं येत होतं, बुटाच्या नाडीला दुहेरी गाठ होती आणि ह्यांची बोटं ऐकत नव्हती. एक बूट निघाला, मग दुसरा. दोन्ही माझ्या मांडीवर आले.

पुन्हा धावपट्टी, पुन्हा वाकडी. मी आता बाहेर बघतच नव्हते, फक्त ह्यांच्या पायाकडे बघत होते. उजव्या मोज्याला भोक होतं, त्यातून अंगठा डोकावत होता. जमीन जवळ आली तसा तो पाय परत उचलला गेला. अंगठा पेडलच्या थंड लोखंडाला लागला मात्र, चटका बसावा तसा पाय मागे आला आणि मागेच राहिला. बारकीने डावं पेडल दाबलं. नाक सरळ झालं, चाकं टेकली.

बारकीने विमान शेडपाशी आणून इंजिन बंद केलं.

"तू तर समोर बघत होतीस," हे म्हणाले. "माझा पाय आहे हे तुला कसं कळलं?"

"पायाला कळलं," बारकी म्हणाली. "काही अडकलं असतं तर पेडल नुसतं अडलं असतं. हे मला उलटं ढकलत होतं. घाबरलेलं माणूस तसं ढकलतं, बाबा."

हे मोज्यांवरच खाली उतरले आणि तसेच चालत मोटारीपर्यंत गेले. बूट घेऊन मी मागून. मोटारीपाशी ह्यांनी खिशातून किल्ली काढली. ती आजवर त्यांनी घरात कोणाच्या हाती दिली नव्हती, बारकीच्या तर नाहीच. ती तिच्या हातात ठेवली आणि मी मागे बसले तशी माझ्याशेजारी येऊन बसले, पाय सीटखाली ओढून.