गच्चीवरच्या सळया

विसाम जन्मला तेव्हा त्याच्या बापाने जुन्या घराला लागून एक खोली वाढवली. घराला लाल कौलांचं उतरतं छप्पर, खोलीवर मात्र सपाट स्लॅब, आणि खांबांच्या सळया वर हातभर तशाच सोडलेल्या. आमच्या डोंगरात सगळेच सोडतात. पोरगा लग्नाचा झाला की त्याच सळयांवर त्याचा मजला चढतो. त्या गंजू नयेत म्हणून मी त्यांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातल्या. दर सप्टेंबरात त्यांच्यामधे चादरी पसरून किश्क वाळवायचे, म्हणजे दह्यात आंबवलेला दलिया. निम्मा कॅनडाला विसामकडे जायचा.

विसामचा बाप गेला. विसामचं लग्न तिकडेच झालं. मी बाटल्या बदलत राहिले, कारण आशा मेली मरत नाही.

यंदा बर्फ वितळला आणि खोली गळायला लागली. नसीबमिस्त्री वर जाऊन आला. म्हणाला, पाणी गंजलेल्या सळयांवाटेच आत उतरतंय. त्या कापायच्या आणि जुन्या घराची कौलं तशीच पुढे खोलीवर उतरवायची, दुसरा इलाज नाही.

"तुझ्या घरावरच्या कापल्यास का रे?" मी विचारलं.

"माझ्या सळयांवर सून भांडी घासतेय, उम्म विसाम."

उम्म विसाम, विसामची आई. सगळं गाव मला याच नावाने हाक मारतं. मी म्हटलं, ज्याच्यासाठी सोडल्यात त्याला विचारून सांगते.

रविवारी विसामचा फोन आला. खरं सांगते, मला विचारायचं नव्हतंच. त्याने ओरडून 'हात लावू नकोस' म्हणावं, एवढंच हवं होतं.

"कुठल्या सळया, आई?"

मी सांगितलं.

"अगं, त्या अजून आहेत? गळतंय ना, मग काप की. मला कशाला विचारतेस?"

बोलला मायेनेच. त्याचाच जास्त राग आला.

नसीब यंत्र घेऊन आला तेव्हा माझा चेहरा बघून विरघळला. "डांबर फासून कौलांखाली ठेवतो. कुणाला दिसणार नाहीत."

"ज्याला दिसायला हव्या होत्या त्यालाच दिसल्या नाहीत," मी म्हटलं. "काप."

सप्टेंबर आला आणि किश्क पसरायला मला जागा उरली नाही. शेजारच्या बदीआने तिची गच्ची दिली. तिच्या सळया अजून उभ्या आहेत. चादर पसरून मी कंबर सरळ केली आणि समोर माझं घर दिसलं. नसीबच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. नवी कौलं जुन्यांत मिसळून गेलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच उतार. मी नवरी होऊन आले तेव्हा असंच होतं हे घर, एका छपराचं, दोघांचं. मधे कुणी जन्मलं होतं, कुणासाठी काही वाढवलं होतं, याची खूणसुद्धा नव्हती. मला फार एकटं वाटलं.

"उम्म विसाम," बदीआने जिन्यातून विचारलं, "यंदा किश्क एवढासाच?"

"एकटीला किती लागतो?" मी म्हटलं.