दुसऱ्यांदा तपासलेलं उत्तर

विज्ञानाच्या बाईंची झोप उडाली होती. दीर्घोत्तरी प्रश्नांच्या गुणांवर कितपत भरवसा ठेवावा, हे परीक्षा मंडळाला मोजायचं होतं. म्हणून उन्हाळ्यात तपासलेलीच काही उत्तरं, आता अक्षर ओळखू येऊ नये म्हणून टाइप करून, त्याच परीक्षकांपुढे, म्हणजे बाईंपुढेही, पुन्हा येणार होती. ज्याचे गुण स्वतःच्याच आधीच्या गुणांशी सर्वांत जास्त जुळतील, तो मुख्य परीक्षक! आणि त्या पदाकडे बाई कित्येक वर्षं डोळे लावून बसल्या होत्या.

"अगं, तुझ्या भाजीतलं मीठ काल होतं तेवढं आज नसतं," सासूबाई म्हणाल्या, "गुण कुठले सारखे यायला?"

बाई नुसत्या हसल्या.

तपासणीच्या दिवशी उत्तर वाचायचं सोडून त्या आठवत बसल्या. याला मागे किती दिले होते? दोन की तीन? मग ते उत्तर आलं. 'रात्री झाडाचा स्वयंपाक बंद, श्वास मात्र चालूच.' हे त्यांना पक्कं आठवत होतं. कोंबडीच्या पायांसारखं अक्षर, त्यात हा स्वयंपाक. वैतागून पाचपैकी एक दिला होता.

आता टाइप केलेलं ते उत्तर त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. उजेड नसला की अन्न तयार होत नाही, श्वसन थांबत नाही, कुठला वायू आत आणि कुठला बाहेर, सगळं बरोबर होतं. पाठांतर नव्हतं, पोराला खरंच कळलं होतं. चार तरी द्यायलाच हवे होते. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली. पण चार दिले तर पद हातचं जाणार, आणि निकाल तर केव्हाच लागून गेलेला. त्यांनी एक लिहिला आणि घाईघाईने पान उलटलं.

बाई पहिल्या आल्या.

"दोन्ही वेळा तंतोतंत!" मंडळाचे साहेब खूश होते. "यंदा तुमचंच एक उत्तर नमुना म्हणून सगळ्या परीक्षकांना पाठवतोय."

"कुठलं?" बाईंनी विचारलं.

"ते हो, झाडाच्या स्वयंपाकाचं. असं कुणी लिहिलं की एकच गुण, आता सगळीकडे पक्कं. सही तेवढी करा, मुख्य परीक्षक म्हणून."

बाईंनी पेन घेतलं. पण केलेली सही त्यांच्या नेहमीच्या सहीशी जुळलीच नाही.

"चालेल," साहेब म्हणाले.