काचेपलीकडून शिकलेला क्रम

शिडीवरून पडून मोडलेला घोटा दोन महिन्यांत जुळला, पण भीती जायचं नाव घेईना. तिसऱ्या पायरीवर गेलो की पाय लटपटायचे. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याची शिडी सुटली म्हणजे धंदाच बुडाला. मेहुण्यानं तर माझ्यासाठी गोदामात खुर्चीवरची नोकरीही बघून ठेवली होती.

डॉक्टर म्हणाले, "ताय ची शिका. चिनी युद्धकला आहे, पण सावकाश करायची. तोल सुधारेल."

पहिले गुरुजी रेशमी झग्यात भेटले. भिंतभर त्यांचेच फोटो. "तीन महिन्यांत वाघ करतो!"

"पण माझा पाय का थरथरतो?"

"प्रश्न विचारायचे नाहीत."

वाघ व्हायचं तिथंच राहिलं.

तेव्हा मी जमिनीवर उभं राहून होतील तेवढीच कामं घेत होतो. एका दुकानाची काच आतून रंगवताना समोरच्या हॉलमधल्या बाई दिसल्या. टपालखात्यातून निवृत्त झालेल्या, हे नंतर कळलं; पायात कापडी बूट, तोंड खिडकीकडे, मागे ताय ची करणारे दहाबारा शिष्य. कुणी चुकलं तर न वैतागता पुन्हा पहिल्यापासून दाखवायच्या. मला त्या तिथंच आवडल्या. मी काम मुद्दाम आठवडाभर रेंगाळवलं आणि बघून बघून हालचालींचा अख्खा क्रम घरी बसवला.

"हवा कसली पुसताय?" बायको म्हणाली. "खिडकी पुसा की!"

मग छाती फुगवून वर्गात गेलो. सगळ्यांचा उजवा हात वर गेला, माझा डावा. सगळे डावीकडे वळले, मी उजवीकडे, थेट शेजारच्या आजींच्या नाकासमोर. हॉलभर हशा पिकला. मी सगळं समोरून बघून आरशासारखं उचललं होतं, आणि काचेवर आतून उलटी अक्षरं काढण्यात हयात गेलेल्या मला त्यात काही खटकलंही नव्हतं.

लाजेनं पाणी पाणी झालो. बाई जवळ आल्या.

"पुन्हा करा बघू. अहो, तीस वर्षं शिकवतेय, पण ही बाजू मलाच येत नाही. शिकवाल?"

त्यांनी करून बघितलं, झोकांडी गेली, खुर्ची धरली आणि सगळ्यांत मोठ्यानं त्याच हसल्या.

"बघा, माझाही पाय थरथरतोय. थरथरू दे. वजन कुठल्या पायात आहे, तेवढंच बघायचं."

मला इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या माझ्याकडून डावी बाजू शिकल्या, मी त्यांच्याकडून उजवी.

चार महिन्यांनी त्यांना हॉलच्या दारावर पाटी हवी होती. शिडी त्यांनीच धरली.

"वजन कुठं?"

"डाव्यात."

"आता?"

"उजव्यात."

असं करत करत ब्रश टेकवला तेव्हा मी सातव्या पायरीवर होतो. डोळे भरून आले, पण हात स्थिर होता.

तेवढ्यात मेहुणा आला. "दाजी, खाली उतरा! गोदामवाले विचारतायत, कधीपासून येताय?"

"तूच ये वर. इथंच बोलू."

तो तावातावानं शेजारीच टेकवलेल्या माझ्या दुसऱ्या शिडीवर चढला. दोन पायऱ्यांवरच त्याचे पाय लटपटायला लागले. बाईंनी दुसऱ्या हातानं त्याचीही शिडी धरली आणि त्याला वर्गाच्या वेळा सांगायला लागल्या.