भाड्याचा तांदूळ

आभार मानायची मला सवय नाही. सैन्यात हवालदार होतो तेव्हा नव्हती, आता सांगलीत येऊन बसलोय तरी लागलेली नाही. म्हणून हे लिहून काढतोय.

आमच्या घरकुलाच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली काळा फळा आहे. तो मी माझ्या खर्चाने लावला. पाणी कधी येणार, जिना झाडायची पाळी कुणाची, हे रोज पहाटे पाचला मीच लिहितो आणि लिहिलेलं मोठ्याने वाचूनही दाखवतो. बारा फ्लॅटच्या लोकांना माझा जाच होतो, हे मला माहीत आहे.

फळ्यावर सगळ्यात खाली एक ओळ कायम असायची, 'बाहेरची माणसे'. घराचा ताबा देताना घरकुल विभागाने आमच्या सह्या घेतल्या, त्या कागदावर स्वच्छ लिहिलंय. दहा वर्षं घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, स्वतः राहायचं. मोडलं तर घर परत. माझ्या बायकोने भाड्याच्या खोल्यांत अठ्ठावीस वर्षं काढली आणि या घरात फक्त चौदा महिने. ती गेली, घर राहिलं. त्यामुळे या नियमाचं नाव काढलं की मी हळवा होतो, आणि हळवा झालो की ओरडतो.

गेल्या वर्षी फ्लॅट सातच्या लक्ष्मीबाईंकडे त्यांच्या बहिणीचा मुलगा राजरत्न परीक्षेच्या अभ्यासाला येऊन राहिला. चार महिने झाले तरी हलेना. मी फळ्यावर लिहिलं, 'फ्लॅट ७, भाडेकरू?' एवढ्यावर थांबलो नाही, घरकुल विभागाच्या ऑफिसात अर्जही टाकला. बिचाऱ्या बाई शाळेत खिचडी शिजवायचं काम करतात. ते बुडवून दोनदा कागद घेऊन पळाल्या. निघालं काहीच नाही, पोरगा खरंच भाचा होता. मी प्रश्नचिन्हासकट ओळ पुसली आणि विषय संपला असं समजलो. त्यांनी मात्र माझ्याशी बोलणं टाकलं.

या फेब्रुवारीत पाटणहून माझी थोरली बहीण धोंडुबाई आली. मिरजेत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि दीड महिना रोज व्यायामाला दवाखान्यात जायचं होतं. सोबत तिची सून. येताना आक्काने घरच्या इंद्रायणी तांदळाची दोन पोती आणली. त्याच सुमारास कवठे महांकाळहून माझ्या लेकीचा, राजेश्वरीचा फोन आला. बेदाणा शेडवर पसरलाय, आभाळ भरून येतंय, आबा, राखणीला या. मी निघालो. निघताना नियम म्हणजे नियम, मग तो मलाही, म्हणून फळ्यावर ठळक लिहिलं, 'फ्लॅट ५, बाहेरची माणसे दोन. मालक परगावी.'

नवव्या दिवशी घरकुल विभागाचे साहेब तपासणीला आले. त्यांनी आधी फळा वाचला, त्याचा फोटो काढला आणि माझं दार वाजवलं. आक्काने काठी टेकत दार उघडलं.

"मालक कुठायत?"

"हितं न्हाईत."

"मग तुम्ही इथं कशा राहता? काय देता त्यांना?"

इथे आक्काचं डोकं फिरलं. भावाच्या घरी बहीण आयतं खाते, असा कुणाला संशयसुद्धा आलेला तिला खपत नाही. ती ताठ होऊन म्हणाली, "फुकाट न्हाई ऱ्हात आमी! दोन पोती तांदूळ टाकलाय घरात. वाटलं तर बगा मोजून."

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि आक्काने खाली झोकात सही ठोकली. मी परत आलो तर दारावर नोटीस. मालक राहत नाही, भाडेकरू आढळले, भाडे धान्याच्या रूपात. सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा वाटप रद्द.

"माझ्या सईनं घर गेलं तुजं," म्हणून आक्का रडायला लागली. मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. फळ्यावरचं अक्षर तर माझंच होतं.

सुनावणीला मी एकटाच गेलो. साहेबांनी फोटो पुढे केला.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"बाहेरची माणसं म्हणजे भाडेकरू, असं तुम्हीच मागच्या वर्षी अर्जात लिहिलंय."

खरं होतं. माझा तो अर्ज त्यांच्या फायलीत वरच लावलेला होता. बहीण आहे म्हणालो, तर म्हणाले, "सगळेच नातं सांगतात, हवालदार." हेच वाक्य मी लक्ष्मीबाईंना जिन्यात ऐकवलं होतं. बायकोने स्वयंपाकघरात स्वतः ठोकलेली फळी डोळ्यांपुढे आली, आणि सांगायला लाज कसली, डोळे भरून आले.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "साहेब, आत येऊ का?"

लक्ष्मीबाई. हातात स्टीलचा डबा, मागे आमच्या बिल्डिंगमधली आठ-नऊ माणसं. त्यांनी टेबलावर डबा उघडून ठेवला. आत तांदूळ.

"ह्यो बगा भाड्याचा तांदूळ. धोंडुबाईनं आल्या आल्या बाराच्या बारा घरात डबा-डबा वाटला. आमच्याकडं ह्याला वानवळा म्हंत्यात. पावनं रिकाम्या हातानं येत न्हाईत. ह्ये भाडं आसंल तर आमी बी समदी मालक झालो. काडा बारा नोटिसा!"

मागचे लोक हसले. साहेबही हसू दाबत म्हणाले, "पण हे तिथं राहतात कशावरून?"

"आवं, रोज पाटं पाचला ह्यो माणूस पान्यासाठी वरडतोय. ह्येनी घर भाड्यानं दिलं आसतं तर आमी सुकानं झोपलो नसतो व्हय? गेलं धा-बारा दीस तेवडी झोप झाली बगा."

साहेबांनी डब्यातले चार दाणे हातात घेऊन हुंगले. त्यांनी आक्काने लक्ष्मीबाईंबरोबर पाठवलेले दवाखान्याचे कागद पाहिले, सगळ्यांचे जबाब घेतले आणि नोटिशीवर 'रद्द' लिहिलं.

बाहेर आल्यावर मी लक्ष्मीबाईंना म्हणालो, "मी तुमच्यासंगं काय केलं, ते तुमी इसरला न्हाई."

"न्हाईच इसरले."

"मग का आला?"

त्या डब्याचं झाकण लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या टायमाला मी त्याच टेबलापुडं एकटी हुबी व्हते, हवालदार. एकट्यानं हुबं ऱ्हायला कसं वाटतंय ते मला ठावं हाय."

रात्रभर मी वाक्यं जुळवत होतो. पहाटे पाचला फळा स्वच्छ पुसला. 'बाहेरची माणसे' ही खालची ओळ पहिल्यांदाच लिहिली नाही. मोठ्या अक्षरात लिहिलं, 'फ्लॅट ७ बद्दल मी गेल्या वर्षी लिहिलेले खोटे होते. लक्ष्मीबाईंची माफी मागतो. माझे घर त्यांच्यामुळे राहिले. त्यांचे उपकार आहेत.' खाली नाव घातलं, कोंडीबा हवालदार, फ्लॅट ५. आणि रोजच्यासारखं मोठ्याने वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीला अडखळलो, तरी शेवटपर्यंत वाचलं.

वर सातचं दार उघडलं. लक्ष्मीबाई कठड्यावरून वाकल्या. पहिल्यापासून सगळं ऐकलं असावं.

"आनी पानी कवा येनार, ते कोन लिवनार?" त्या म्हणाल्या. "लिवा, आनी वर या च्याला."