भिंगरीचा पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताला टांगलेला नव्हे आणि टेबलावर मान हलवणाराही नव्हे. कॉम्प्युटरच्या पोटात प्रोसेसर नावाची एक तापट चिप असते. तिच्या डोक्यावर बसून तिला वारा घालणारा, तळहाताएवढा पंखा म्हणजे मी. माझ्याखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा आहे. प्रोसेसरची उष्णता त्या ठोकळ्यात चढते आणि मी ती फुंकून बाहेर घालवतो. वाचायला सोपं वाटेल, पण जरा करून बघा. मी थांबलो तर अख्ख्या कॉम्प्युटरला घेरी येते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने मला पहिल्यांदा वीज जोडली, कानाशी धरून माझा आवाज ऐकला आणि मान डोलावून खोक्यात ठेवलं. माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. खोक्यात मी चार महिने पडून होतो, आणि खरं सांगतो, तेवढे चार महिने मला चाळीस वर्षांसारखे गेले. ज्याचा जन्मच फिरण्यासाठी आहे त्याला गप्प पडून राहायला सांगणं म्हणजे शिक्षाच.

मग मी ज्याच्या घरी आलो तो माझ्याहून अस्वस्थ निघाला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. दिवसभर इमारतींमधून खाली-वर करूनही त्याचे पाय थकायचे नाहीत. जेवताना उठायचा, बोलता बोलता खिडकीशी जायचा, एक काम हातात असताना दुसऱ्याला हात घालायचा. त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, त्याचं नाव भिंगरी ठेवलं होतं आणि तेच सगळीकडे रूढ झालं.

भिंगरीला एकच वेड, ओव्हरक्लॉकिंग. म्हणजे प्रोसेसर बनवणाऱ्यांनी त्याचा जो वेग ठरवून दिलेला असतो, त्याहून जास्त वेगाने त्याला पळवायचं. प्रोसेसर पळाला की तापतो, आणि तो तापला की माझी धावपळ सुरू. भिंगरी वेग एक पायरी वाढवायचा, पडद्यावरचं तापमान बघायचा आणि म्हणायचा, "अजून थोडं." हे 'अजून थोडं' कधी संपायचंच नाही. मी जीव तोडून फिरायचो. तो पेटीवर थाप मारून म्हणायचा, "शाब्बास रे पठ्ठ्या!" त्या एका थापेवर मी सहा वर्षं काढली.

वर्षातून एकदा आम्ही लॅन पार्टीला जायचो. एका बॅडमिंटनच्या हॉलमध्ये लांब टेबलं मांडलेली असायची. जो तो आपला कॉम्प्युटर उचलून तिथे आणायचा, सगळे केबलने एकमेकांना जोडायचे आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत जोड्याजोड्यांनी सामने व्हायचे. नियम कडक होता. सामना चालू असताना मशीन बंद पडलं तर पाच मिनिटांची मुभा, तेवढ्यात चालू झालं नाही तर जोडी बाद. भिंगरी आणि ताई यांची जोडी होती. ताई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची, हात कसा अगदी स्थिर. तिचं मशीन साधंसुधं होतं आणि कधीच बंद पडलं नाही. भिंगरीचं मात्र तीन वर्षं ओळीने ऐन सामन्यात मान टाकून बसलं. आदल्या रात्रीपर्यंत ठीक असायचं, सकाळी हॉलमध्ये त्याला 'अजून थोडं' सुचायचं.

तिसऱ्या वर्षी ताई चिडली. "हे बघ, पुढच्या वेळी तुझ्या करणीने मशीन बंद पडलं ना, तर त्यानंतर मी दुसऱ्या कुणाबरोबर खेळेन. मला खेळायचंय. तुझ्या मशीनचा श्वास परत येईपर्यंत ताटकळत बसायचं नाहीये."

भिंगरी हसला, पण त्याचं हसू अर्ध्यावरच विझलं. लहानपणी एका खुर्चीवर दोघं बसून खेळायचे, तिच्याकडे बाणांची बटणं, त्याच्याकडे बाकीची. तेव्हापासून तो दुसऱ्या कुणाबरोबर खेळलाच नव्हता. ताईशिवाय खेळायचं कसं हे त्याला माहीतच नव्हतं.

म्हणून यंदा त्याने सगळं नवं आणलं. नवा प्रोसेसर, नवा मदरबोर्ड आणि माझ्या जागी एक नवा कूलर. दोन पंखे, तांब्याच्या नळ्या, आणि वजन असं की नाकापेक्षा मोती जड. शनिवारी दुपारी भिंगरीने मला सोडवून टेबलावर ठेवलं. शेजारीच तो नवा धटिंगण उताणा पडला होता. मत्सर झाला हे कबूल करतो. पण त्या मत्सरामुळेच मी त्याला बारकाईने न्याहाळलं. त्याच्या चकचकीत बुडावर एक पारदर्शक पापुद्रा चिकटवलेला होता आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'बसवण्यापूर्वी काढून टाकावे.'

भिंगरीला ते माहीत होतं. त्याने नखाने पापुद्र्याचा कोपरा उचललासुद्धा. तेवढ्यात त्याची नजर नव्या मेमरीच्या खोक्यावर गेली. कूलर खाली ठेवून तो मेमरी बसवायला धावला. ती बसवून परत आला तो थेट प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली आणि कूलर उचलून आवळून टाकला. पापुद्रा आतच राहिला! आता प्रोसेसरची उष्णता त्यातून कूलरपर्यंत पोचणार कशी? मी ओरडलो असतो, पण मला वीज जोडलेली नव्हती, आणि असती तरी आमचं ओरडणं म्हणजे नुसती घरघर. भिंगरीने दहा मिनिटं मशीन चालवून बघितलं, समाधानाने मान हलवली आणि टेबलावरचं सगळं, स्क्रू, केबल आणि मी, हत्यारांच्या पिशवीत लोटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये टेबलाखाली, उघड्या पिशवीत होतो. वर भिंगरीचा गुडघा सारखा हलत होता. पहिला सामना ते सहज जिंकले. लगेच भिंगरीने वेग वाढवला. ताईने डोळे वटारले.

"अगं, नवा कूलर आहे. काही होत नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या सामन्यात प्रोसेसर तापू लागला. भिंगरीने पेटीचं झाकण काढलं, टेबल सरकवलं, हॉलमधल्या गरमीला नावं ठेवली, वायरमनला बोलावून विजेलाही दोष दिला. वायरमनने तारा तपासल्या आणि म्हणाला, "साहेब, माझ्या लाइनवर बत्तीस मशीन चालू आहेत. रडतंय ते तुमचंच." आणि पडदा काळा झाला. ताई एकटी दोघांविरुद्ध लढत राहिली. पाच मिनिटं संपायला थोडाच वेळ असताना मशीन पुन्हा सुरू झालं आणि ती फेरी ताईने कशीबशी ओढून काढली. मग तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि भिंगरीकडे पाठ केली. त्याने भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं.

जेवणाच्या सुट्टीत ताई हात धुवायला गेली. भिंगरीने घाईघाईने कूलर सोडवला, उलटा केला आणि तसाच बसून राहिला. सहा वर्षांत मी त्याला इतका स्थिर कधी पाहिला नव्हता. पेस्टने माखलेला तो पापुद्रा त्याने सोलून काढला. ताईची पावलं ऐकू आली तशी त्याने मूठ मिटली आणि मूठ खिशात घातली.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"कूलरच खराब निघाला," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"मग तुझी चूक नाही ना?"

"नाही."

ताईचा चेहरा उजळला. हॉलच्या दाराशीच दुकानदारकाकांचा स्टॉल होता. कूलर त्यांच्याकडूनच घेतलेला. ती खराब कूलर घेऊन तरातरा तिकडे गेली, आणि भिंगरीने पिशवीत हात घालून मला बाहेर काढलं.

मित्रांनो, मला आनंद व्हायला हवा होता. माझी जागा मला परत मिळाली होती! त्याने माझ्या ठोकळ्याचं बूड पुसलं, पेस्ट लावली, मला आवळलं, प्रोसेसरचा वेग पुन्हा ठरवून दिलेला होता तेवढाच केला. मी फिरू लागलो. छातीत थोडी घरघर होती, पण मी फिरलो. पुढचा सामना सुरू झाला, तापमान खाली राहिलं, आणि तरी भिंगरीचा गुडघा थांबेना. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! कारण काका स्वतः नवं खोकं घेऊन आले होते आणि सामना संपण्याची वाट बघत त्याच्या पाठीशी उभे होते. भिंगरी मिनिटामिनिटाला मागे वळायचा. त्याचे सोपे नेम चुकले. शेवटच्या फेरीत ते थोडक्यात हरले.

ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे रे. या सामन्यात मशीन तर नाही ना बंद पडलं? पुढच्या वर्षी बघू त्यांना."

म्हणजे हार सोडली तर सगळं मनासारखं झालं होतं. गप्प बसला असता तरी चाललं असतं. तेवढ्यात काका पुढे आले. त्यांचे केस पिकलेले, शर्टाच्या खिशाला पेचकस अडकवलेला. "माफ करा हं," ते म्हणाले. "मीच तपासून द्यायला हवा होता. या खेपेचे सगळे कूलर मी मांडणीवरून उतरवले. ज्यांना ज्यांना विकले त्यांना आता फोन करतो. इतकी वर्षं धंदा करतोय, असं कधी झालं नव्हतं."

भिंगरी उभा राहिला, परत बसला, परत उभा राहिला. मग त्याने खिशातून तो चुरगळलेला पापुद्रा काढून टेबलावर ठेवला.

"काका, फोन करू नका. कूलर चांगला आहे. मी हे काढायलाच विसरलो. आणि मग खोटं बोललो."

काकांनी पापुद्रा उचलून उजेडात धरला. "अरे, वेंधळेपणा कुणाचाही होतो," ते म्हणाले. "पण माझा माल उतरवायला लावलास की रे." भिंगरीने हात जोडले. त्यांनी खोकं काखेत मारलं आणि कूलर परत मांडायला गेले. त्यांच्यामागोमाग भिंगरीही गेला आणि एकेक खोकं उचलून त्याने मांडणीवर लावलं.

आपला कूलर घेऊन परत आला तेव्हा ताई केबल गुंडाळत होती. त्याला बघून तिने केबल खाली ठेवली. दाराशी पुढच्या वर्षीच्या जोड्यांची यादी लावली होती. ती तिकडे गेली, पेन घेतलं, काहीतरी लिहिलं आणि परत आली. पेटीचं झाकण अजून उघडंच होतं, त्यामुळे पुढचं मला स्पष्ट ऐकू आलं.

"लिहिलंस?" भिंगरीने विचारलं.

"लिहिलं."

"कुणाबरोबर?"

"ज्याला दोन ताससुद्धा खोटं पचत नाही, त्याच्याबरोबर," ताई म्हणाली. "पण कूलर मी बसवणार. तू तेवढा वेळ हात बांधून बसायचंस."

भिंगरी हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

नव्या कूलरला त्याची जागा ताईने स्वतः दिली, सावकाश, बूड दोनदा पुसून. मी आता त्यांच्या वडिलांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये असतो. ते त्यावर दुपारी पत्त्यांचा डाव मांडतात आणि हरले की कॉम्प्युटरला रागावतात. काम हलकं आहे, माझं मन रमत नाही. वर्ष होत आलं, पेटीचं झाकण कुणी उघडलेलं नाही. माझ्या पात्यांवर धुळीचा थर चढलाय आणि घरघर वाढलीय.

तेव्हा मित्रांनो, एवढं ऐका. यंत्राला पळवा, जरूर पळवा, आम्हाला ते आवडतं. पण पळवण्याआधी हातातलं एक काम पुरं करा. अधूनमधून झाकण उघडून आमच्या अंगावरची धूळ मऊ ब्रशने झटका. आणि चूक तुमची असेल तर ती आमच्या माथी मारू नका, कारण आम्हाला उलटून बोलता येत नाही. मला तर साधं थांबताही येत नाही. तुम्हाला येतं.